बिनपडद्यांचा बास, भाग ५ : कड मोडताना

गेल्या आठवड्यात पडदे उपटून फटी भरून झाल्या. आता पट्टी गुळगुळीत, कोरी आहे. तरीही अर्धा तास वाजवलं की डाव्या तर्जनीच्या मुळाशी काहीतरी बोचायला लागतं. ही बोचते ती पट्टीची कड.

तिथं कानस नको. ती लाकडाचे टवके काढते. कटरचं नवं पातं कडेवर तिरकं धरून हलक्या हातानं ओढलं, की कागदासारखे पातळ पापुद्रे निघतात. मग ३२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. शिसवीची धूळ छातीला वाईट, तेव्हा मास्क लावूनच.

अडचण अशी, की बोचणारी कड ‘जी’ (G) तारेच्या बाजूची, आणि नेमकी तिथंच जागा सगळ्यांत कमी. माझ्या वाद्यावर ती तार कडेपासून जेमतेम ३ मिलिमीटरवर आहे. पहिल्या खेपेला मी हौसेनं दोन्ही कडा चांगल्या गुबगुबीत गोल केल्या. हाताला लोणी! पण बोट जरा बाहेरच्या अंगाला दाबलं गेलं की तार उतारावर घसरायची आणि सूर तिथल्या तिथं मरायचा. म्हणून गोलाई सारखी नको. वरच्या अंगानं १ मिलिमीटर आणि बाजूनं खाली २ मिलिमीटर, अशी उतरती हवी. बाजूचे ठिपके तेवढे सांभाळा. पडदे गेल्यावर सुरांचा पत्ता त्यांच्याकडेच असतो.

कडेपेक्षा अवघड आहे ती पट्टीची आडवी कमान. फेंडरच्या जुन्या बासची कमान ७.२५ इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर त्रिज्येची. नटपाशी पट्टी ३८ मिलिमीटर रुंद धरली, तर मधला भाग कडांपेक्षा सुमारे १ मिलिमीटर उंच येतो. १२ इंची त्रिज्येत हाच फुगवटा ०.६ मिलिमीटरवर येतो. सपाट पट्टी नेहमी सोयीचीच, असा एक समज आहे; मला तो पटत नाही. आडवं बोट टेकवून दोन-तीन तारा एकदम दाबणाऱ्याला कमानच बरी वाटते.

पण कमान कितीही असो, तारा समांतर नसतात. नटपासून ब्रिजकडे त्या फाकत जातात. पट्टी नळीच्या तुकड्यासारखी एकसारखी वळलेली असेल, तर कडेच्या तारेखालची वाट सरळ राहत नाही, मध्ये किंचित फुगते. माझ्या पट्टीवर मी हिशेब केला : नटपाशी मध्यापासून १६ मिलिमीटर, शेवटाला २६. फुगा आला ०.०७ मिलिमीटर. कागदाहून पातळ! पडद्यांच्या वाद्यावर हे खपून जातं, कारण पडदे घासताना ते सरळ करता येतात. इथं तार थेट लाकडावर टेकते.

आणि तिथंच या वाद्याचा आवाज आहे. दाबलेली तार पुढच्या लाकडाला हलकेच शिवत राहते, म्हणून तो घुमणारा, काहीसा नाकातला सूर उमटतो. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं घोडीचा इंचभर माथा जे करतो, ते इथं अख्खी पट्टी करते. पट्टीला फुगा असला, की कुठं गुरगुर, तर कुठं मुकी तार.

म्हणून आधी ट्रस रॉडनं मान सरळ करायची, पट्टीवर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारायच्या आणि अर्धा मीटर लांबीच्या सरळ पट्ट्याला पॉलिश पेपर चिकटवून तो तारांच्या वाटेनंच फिरवायचा, म्हणजे फाकत. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या की थांबायचं. पट्टी आता नळीऐवजी शंकूचा तुकडा झालेली असते.

तारेसाठी लाकूड तासण्याची ही खोड जुनी आहे. जर्मन चेलोवादक बर्नहार्ड रोम्बर्ग याच्या नावानं ओळखला जाणारा सपाट उतार चेलोच्या सर्वांत जाड तारेखाली असतो, म्हणजे तिला डोलायला जागा मिळते. कित्येक डबल बासवरही तो दिसतो. त्याचा कंगोरा बोटाला लागतो म्हणून तो नको म्हणणारेही वादक आहेत. आपल्या बासला त्याची गरज नाही. इथं तार लाकडाला शिवायलाच हवी.

तारा चढवून सुरात लावल्या की लगेच निकाल देऊ नका. ताणाखाली मान रात्रभर थोडी हलते. सकाळी प्रत्येक तारेवर एकच बोट नटपासून शेवटपर्यंत सरकवत न्या. जिथं गुरगुर अचानक तुटते, तिथं खडूची खूण करा. त्या खुणा पुसू नका. पुढच्या आठवड्यात नटच्या खाचा खोल करताना त्या लागतील.