पाच लिटरचा कॅन किती दिवस पुरावा?

दिवाळीच्या सुमारास नवी शेंग बाजारात आली की घाटकोपर पूर्वेच्या कितीतरी गुजराती घरांत अजूनही सिंगतेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. वर्षभराच्या बेगमीची ती जुनी सवय. त्याच इमारतीत सोलापूरकडून आलेल्या आजींच्या तोंडी करडईच्या तेलाची चव असते, शेजारच्या बिहारी कुटुंबात मासळी मोहरीच्या तेलाशिवाय होत नाही आणि खोबरेल म्हणजे केसांना लावायचं तेल, असं म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंना हसू येतं. मुंबईच्या उपनगरांत अशी चार-चार प्रांतांची तेलं एका जिन्यावर भेटतात.

ही झाली आठवणींची गोष्ट. ओट्याखाली वाकून पाहिलं, तर बहुतेक घरांत सापडतो तो पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. आत पाण्यासारखं पातळ, फिकट, वास नसलेलं रिफाइंड तेल. सूर्यफुलाचं असो की सोयाबीनचं, डोळे मिटून हुंगलं तर ओळखू येणार नाही.

गेल्या काही वर्षांत या कॅनवरून घराघरांत वाद सुरू झालेत. सकाळी मोबाइलवर निरोप येतो की रिफाइंड म्हणजे विष. मुलगा बोरिवलीतल्या नव्या दुकानातून ‘लाकडी घाण्याचं’ तेल घेऊन येतो आणि त्याची किंमत ऐकून सासूबाई कपाळाला हात लावतात. कॅनच्या लेबलवर तर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पतींपासून काढलेल्या कुठल्याही तेलात, घाण्याच्याही आणि रिफाइंडच्याही, ते मुळात नसतंच म्हणायला हरकत नाही.

शिवडीचा पिवळा डबा

कारखान्यातल्या तेलाबद्दलचा संशय मुंबईला नवा नाही. १९३२ साली लिव्हर कंपनीने शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. आयात होणाऱ्या डच मालावर ‘दादा’ हे नाव असे, त्यात लिव्हरचा ‘ल’ मिसळून ‘डालडा’ झालं आणि १९३७ मध्ये ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा डबा बाजारात आला. रिकाम्या डब्यांत पुढे चाळीचाळींतून तुळशी लागल्या. साजूक तूप परवडत नसलेल्या घरात लग्नकार्याचे लाडू डालड्यावरच वळले गेले.

वनस्पती तूप म्हणजे द्रव तेलात निकेलच्या साह्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं. तुपात त्याची भेसळ होईल, ही भीती तेव्हापासूनच होती. म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालण्याचा नियम झाला. एका रासायनिक चाचणीत तिळाचं तेल लालसर रंग देतं, त्यावरून भेसळ पकडता येई. खरा धोका मात्र या चाचणीला दिसणारा नव्हता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण यापेक्षा चपखल कुठे लागू पडणार?

डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे २०११ मध्ये दहा टक्के, मग पाच, २०२१ च्या जानेवारीत तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के, अशी मर्यादा पायरीपायरीने उतरत आली. डालड्याच्या काळातलं हे दुखणं कागदावर तरी आटोक्यात आलं आहे.

बरेच लोक वनस्पती आणि रिफाइंड या दोन गोष्टींची गल्लत करतात. रिफाइंड तेल घट्ट केलेलं नसतं, ते साफ केलेलं असतं.

वास कुठे जातो?

शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. दाबलं की निघतं. सोयाबीनमध्ये ते जेमतेम अठरा ते वीस टक्के, शिवाय दाबून नीट निघत नाही. म्हणून सोयाबीनच्या चपट्या केलेल्या दाण्यांवरून हेक्झेन नावाचं द्रावक फिरवतात. तेल त्यात विरघळतं, मग उष्णता देऊन हेक्झेन उडवून लावतात. ते साधारण ६९ अंशांना उकळतं, त्यामुळे त्याचा अंश फारच थोडा उरतो. त्यावरही कायद्याची मर्यादा आहे.

पुढची पायरी साफसफाईची. चिकट द्रव्यं काढायची, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारायची, विशिष्ट मातीतून गाळून रंग घालवायचा आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांच्या वर तापवून, वाफ सोडून वास उडवायचा. या शेवटच्या पायरीत ई जीवनसत्त्वाचा काही भागही जातो. इतक्या तापमानाला काही नको असलेली संयुगंही तयार होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला, तेव्हा सर्वांत जास्त बोट पाम तेलाकडे होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असं विष असतं. रिफायनरीतल्या सोड्याच्या आणि मातीच्या पायऱ्यांत ते जवळजवळ निघून जातं. घाण्यात कुजका दाणा पडला, तर मात्र ते तेलात उतरू शकतं. म्हणजे घाण्याचं तेल चांगलं की वाईट, हे लाकडावर ठरत नाही. त्यात पडलेल्या दाण्यावर ठरतं.

मग रिफाइंड विष आहे का? नाही. उपलब्ध पुराव्याचं वजन असं सांगतं की तूप, लोणी, पाम यांतल्या संपृक्त मेदाऐवजी सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा यांतला असंपृक्त मेद घेतला तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हेच पुन्हा मांडलं. पण एकाच तेलाला देव मानण्यात अर्थ नाही, हेही संशोधनानेच दाखवलं. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला संपृक्त मेदाऐवजी आपल्या ओळखीचं करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं. ती जुनी आकडेवारी २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. मार्गारिनमधल्या ट्रान्स फॅटचा त्यात वाटा असावा, असं काही तज्ज्ञ म्हणतात. तरीही एका प्रकारच्या तेलाचा अतिरेक बरा नाही, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

घाणा परत आला

विलेपार्ल्याला इर्ला रोडवर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय आहे. समोरून जाणाऱ्या अंधेरीकरांना खादी आठवते, घाणा आठवत नाही. पण गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा त्याच्या कामांत तेलघाणीला मानाचं स्थान होतं. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा केल्या आणि ती ‘वर्धा घाणी’ देशभर गेली. महाराष्ट्राचं घाण्याशी नातं त्याहून कितीतरी जुनं. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे तेली. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात.

आता बोरिवली, मुलुंडच्या रस्त्यांवर बैल नाही, विजेची मोटर आहे. काचेमागे लाकडी उखळीत लाकडी दांडा संथ फिरतो. पसाभर दाणे पडतात, आधी त्यांचा भुगा होतो, मग भुगा ओलसर होऊन कडेला चिकटतो आणि थोड्या वेळाने खालच्या तोटीतून गढूळ, पिवळसर धार सुरू होते. दुकानभर भाजल्यासारखा वास. उरलेली पेंड पोत्यात जाते. गढूळ तेल दोन-तीन दिवस निवळू देऊन मग बाटलीत भरतात.

हे तेल चवीला उत्तम आणि त्यात मूळचे घटक जास्त टिकलेले असतात. पण ते औषध नाही. मेद तेवढाच, उष्मांकही तेवढेच, ग्रॅमला नऊ. त्यामुळे ‘घाण्याचं आहे’ म्हणून पळी सैल सोडणाऱ्याचं वजन तेवढंच वाढणार.

शिवाय पाटी लावली म्हणजे घाणा खरा असतो असं नाही. इथे गिऱ्हाइकाला साधा हिशेब करता येतो. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगतेल निघायला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाण्याच्या ठोक भावाला अडीचने गुणावं, पेंडीचे थोडे पैसे वजा करावेत. बाटलीची किंमत त्या आकड्याच्याही खाली असेल, तर आत काहीतरी दुसरं आहे असं समजावं. दाणे डोळ्यांदेखत पडतात का, काळे-सुरकुतलेले दाणे निवडून काढतात का, हे विचारायला संकोचू नये.

कढईतलं काळं पाणी

तेलाचा प्रकार निवडण्यात लोक जेवढा वेळ घालवतात, त्याच्या पावपट वेळ कढईकडे पाहण्यात घालवला, तर जास्त फायदा होईल. संध्याकाळी कुठल्याही स्टेशनबाहेर वड्याच्या गाडीवर नजर टाकावी. ताजं तेल पातळ असतं, वडा टाकला की मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. दमलेलं तेल घट्ट, तपकिरी-काळं होतं. त्यावर बारीक फेस राहतो, जात नाही, आणि गॅस मंद असूनही धूर निघतो. घशाला खवखव होते ती त्याचीच.

तेल पुन्हापुन्हा तापलं की त्याचे तुकडे पडून ‘पोलर’ संयुगं साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापलीकडे गेलेलं तेल स्वयंपाकाला वापरता येत नाही. अशा तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रुको’ ही योजना सुरू झाली. रोज पन्नास लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. नाक्यावरची गाडी या आकड्याच्या खालीच राहते. तिथे आपले डोळे हेच निरीक्षक.

घरीही फारसं वेगळं नसतं. गणपतीत मोदक तळून उरलेलं तेल जाळीच्या डब्यात जातं, मग त्यात पुऱ्या, मग पापड, मग पुन्हा भजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं सरळ आहे. एकदा तळलेल्या तेलात पुन्हा तळू नये. गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावं. त्यासाठी तळणीला छोटी कढई घ्यावी, म्हणजे मुळात उरतंच कमी.

मग आणायचं कोणतं?

रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं तेल आपल्याकडे सर्वार्थाने सोयीचं आहे. त्यातल्या मेदाची विभागणी समतोल आहे आणि ते तापही बऱ्यापैकी सोसतं. पुढच्या महिन्यात मोहरी, तीळ किंवा राइस ब्रान आणावं. मोहरी आणि सोयाबीनमधून ओमेगा-३ मिळतं. सूर्यफूल आणि करडई फोडणीला ठीक, पण तळणीत त्यांचे बंध लवकर तुटतात. खोबरेल आणि तूप चवीपुरतं, कारण दोन्हीत संपृक्त मेद भरपूर. बजेट घट्ट असेल तर रिफाइंड शेंगदाणा किंवा सोयाबीन आणायला लाजू नये. घाण्याची छोटी बाटली चटणी-कोशिंबिरीवर कच्ची घ्यायला ठेवावी.

आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत असते ती जवसाची चटणी ताटात परत आणावी. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं, ते तापवलं की बिघडतं. दाण्यासकट खाल्लं की चोथाही पोटात जातो. कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी हीसुद्धा तेलाचीच, पण अखंड दाण्याची रूपं आहेत.

फरसाणच्या आणि बिस्किटांच्या पुड्यामागे बारीक अक्षरांत बहुतेक वेळा पाम किंवा पामोलिन सापडेल. घरात कितीही चांगलं तेल आणलं, तरी ते तेल हिशेबात धरावंच लागतं.

कारण हिशेब फारच बिघडलेला आहे. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार उष्मांकांच्या आहारात तूप-तेल मिळून दिवसाला २७ ग्रॅम पुरेसं आहे, म्हणजे चहाचे सहा चमचे. नीती आयोगाच्या त्याच वर्षीच्या अहवालात देशातला दरडोई खप वर्षाला १९.७ किलो दिला आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. बरोबर दुप्पट.

चौघांच्या घराला २७ ग्रॅमप्रमाणे दिवसाला १०८ ग्रॅम लागतं. पाच लिटरच्या कॅनमध्ये साधारण साडेचार किलो तेल असतं. बाहेरचं काहीही न खाता, तूपही न वाढता तो कॅन ४२ दिवस पुरायला हवा. स्टेशनवरचा वडापाव आणि संध्याकाळचं फरसाण धरलं, तर त्याहून जास्त. पुढचा कॅन उघडाल, तेव्हा झाकणावर पेनाने तारीख लिहून ठेवा.