धावेपासून सिलिकापर्यंत: वाळव्याच्या वाहतुकीतील टायर

वाळवा तालुक्यातील इस्लामपूर एका अंगाने पेठनाक्यावर पुणे-बंगळुरू महामार्गाला आणि दुसऱ्या अंगाने कृष्णाकाठच्या काळ्या रानातील पाणंदींना जोडलेले असल्यामुळे, डांबरावर हलके पळावे आणि चिखलात पकड सोडू नये, अशा दोन्ही मागण्या येथील चाकाला एकाच खेपेत पुऱ्या कराव्या लागत आल्या आहेत. लाकडी चाकाची लोखंडी धाव, म्हणजे परिघावर तापवून चढवलेली पट्टी, कठीण रस्त्यावर सहज फिरे, पण ओल्या रानात रुते. साखराळ्याच्या कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांना हवेचे टायर बसल्यावर ओझे रुंद पृष्ठावर विभागले जाऊन ओढ हलकी झाली. अर्थात गाडीच्या चाकाकडून पकडीची अपेक्षा फारशी नव्हतीच, कारण ती बैलांच्या खुरांत होती.

ट्रकमध्ये मात्र ओढणे आणि थांबवणे ही दोन्ही कामे रबरावर आली. तिरप्या धाग्यांचे थर एकमेकांवर घासणारा ‘नायलॉन’ टायर तापे आणि डिझेल खाई. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत धागे आडवे आणि त्यांवर पोलादी पट्टा असल्याने ही घासणी घटली. भारतात मालवाहू वाहनांत रेडियल उशिरा रुजला. जास्त भार लादण्याची सवय आणि खराब रस्ते ही त्याची प्रमुख कारणे होत.

खरा पेच रबराच्या स्वभावातच होता. प्रत्येक फेऱ्यात दबून सावरताना रबर जी ऊर्जा उष्णतेत गमावते, तिला लोळण-रोध म्हणतात. पण ओल्या डांबराच्या बारीक खडबडीवर धरणारी पकडही अशाच ऊर्जाक्षयातून येते. फरक कंपनांच्या वेगाचा आहे: लोळण्यात ती सेकंदाला काही दहा ते शंभर असतात, तर पकडीत हजारो-लाखोंच्या घरात. 1990 च्या दशकात रबरात मिसळल्या जाणाऱ्या काजळीच्या जागी सिलिका आणि तिला रबराशी सांधणारे सिलेन वापरल्यावर मंद कंपनांतील हानी घटवून जलद कंपनांतील राखणे बऱ्याच अंशी साधले.

भारतात लोळण-रोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा 2022 च्या अधिसूचनेने मोटारी, बस व ट्रक यांच्या टायरांना लागू झाल्या. शेतीचे टायर त्यांत येत नाहीत. उसाच्या ट्रॉलीचा प्रश्न त्यामुळे हवेच्या दाबावरच येऊन थांबतो, कारण रानात उपयोगी पडणारा कमी दाब डांबरावर टायरला अधिक लववून डिझेल वाढवतो, आणि बांधावर हवा कमी-जास्त करायला कोणी थांबत नाही.