लांडगा माळावरचा, जंगलातला नाही!

सोलापूर, नगर, बारामती, सासवडकडचे उघडे माळ हे आपल्या लांडग्याचं खरं घर. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात लांडगे 3,100 च्या आसपास आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही थोडे कमीच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात दोघंही पहिल्याच अनुसूचीत. पण वाघासाठी राखीव जंगल असतं, लांडग्याच्या माळाला आपण कागदावर ‘पडीक’ म्हणतो. मग तिथे नांगर फिरतो, प्लॉट पडतात, किंवा (हे मला सगळ्यात खटकतं) हौसेने झाडं लावली जातात.

काळवीट, ससे कमी झाले की लांडगा मेंढरांकडे वळतो. फटका बसतो तो धनगराला. एक कोकरू गेलं तरी त्याचा हंगाम बिघडतो, त्यामुळे त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. रात्री वाघरीच्या जाळीत मेंढरं कोंडणं, वाड्याभोवती चांगली कुत्री आणि जागता माणूस ठेवणं हे त्याचे जुने उपाय आजही लागू पडतात. जनावर मारलं गेलं तर मढं न हलवता लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. ती वेळेवर मिळाली तर बिळात धूर करून पिल्लं मारण्याचे प्रकारही कमी होतील.

आणखी एक धोका भटक्या कुत्र्यांचा. त्यांच्याकडून रेबीज, डिस्टेंपर येतो, संकरही होतो. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. म्हणून माळाकडेच्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी हवी, आणि त्यांना पोसणारा पोल्ट्रीचा कचरा उघड्यावर फेकणं बंद व्हायला हवं.