लॅबमध्ये सोनारक्यूब बसवताना: इन्स्टॉल सोपं, खरं काम त्यानंतरचं

पीएचडीला आल्यावर बहुतेकांना वारसा म्हणून एक फोल्डर मिळतो. त्यात आधीच्या सीनियरने लिहिलेल्या पायथॉनच्या तीस-चाळीस फाइली असतात, त्यातल्या चारांच्या नावात 'फायनल' असतं, आणि त्यातली नेमकी कोणती खरी फायनल हे विचारायला सीनियर आता लॅबमध्ये नसतो. आपण त्यावरच आपला कोड रचत जातो. दोन वर्षांनी पेपर पाठवताना रिव्ह्यूअर कोड मागतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

अशा वेळी कोड तपासणारं एखादं साधन हाताशी असलं तर बरं पडतं. 'सोनारानेच कान टोचावेत' म्हणतात ना, तसं. गाइडने कान टोचण्याआधी आपणच टोचून घेतलेले बरे! आज सोनारक्यूबबद्दल लिहितोय: ते काय करतं, लॅबच्या सर्व्हरवर कसं बसवायचं, आणि त्याच्या हिरव्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा.

हे नक्की आहे काय?

सोनारक्यूब 'स्टॅटिक अॅनालिसिस' करतं, म्हणजे तुमचा कोड न चालवता, नुसता वाचून तपासतं. कधीच न वापरलेले व्हेरिएबल, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना चुकून तेच लिहिलेलं, पाच ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला तुकडा, कोडमध्येच लिहून ठेवलेला पासवर्ड, असं सगळं ते शोधतं आणि ब्राउझरमध्ये दाखवतं.

त्याचे भाग समजून घ्या, म्हणजे पुढच्या अडचणी आपोआप कळतील. सर्व्हरच्या आत तीन कामं चालतात: वेबपान दाखवणं, आलेल्या अहवालांवर प्रक्रिया करणं, आणि शोध घेणं (यासाठी आत इलॅस्टिकसर्च असतं). चौथा भाग डेटाबेस, तो वेगळा. पाचवा भाग स्कॅनर, तोही वेगळा. स्कॅनर सर्व्हरवर नाही, तुमचा कोड जिथे आहे त्या मशीनवर चालतो आणि अहवाल सर्व्हरला पाठवतो. 'सर्व्हर तर चालू झाला, मग माझा कोड दिसत का नाही?' हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न इथूनच येतो. सर्व्हर स्वतःहून तुमचा कोड आणायला जात नाही.

आधीच एक सांगून ठेवतो. मोफत आवृत्तीत पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट वगैरे भाषा तपासता येतात. सी आणि सी++ साठी पैसे मोजावे लागतात. तुमचं सिम्युलेशन सी++ मध्ये असेल तर बसवण्याची खटपट करण्याआधी हे लक्षात घ्या.

बसवणं

सगळ्यात सोपा मार्ग डॉकरचा. त्यात जावा आतच असते, वेगळी बसवावी लागत नाही. लॅबचा एखादा जुना डेस्कटॉप लिनक्सवर असेल तर चालतो, पण रॅम निदान ४ जीबी हवी. इलॅस्टिकसर्च मेमरीला भुकेलं असतं.

पहिल्याच प्रयत्नात कंटेनर सुरू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडला तर घाबरू नका. लॉग उघडून बघा. बहुतेक वेळा तक्रार 'व्हीएम मॅक्स मॅप काउंट' या लिनक्सच्या सेटिंगबद्दल असते. बऱ्याच मशीनवर हा आकडा ६५५३० असतो आणि सोनारक्यूबला तो ५२४२८८ हवा असतो. तो कंटेनरच्या आत नाही, मूळ मशीनवर 'सिसकंट्रोल' वापरून वाढवायचा. आणि सेटिंगच्या फाइलमध्येही लिहून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन मशीन रीस्टार्ट झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

डॉकरशिवाय थेट बसवत असाल तर सर्व्हर रूट युजरने चालवू नका. इलॅस्टिकसर्च रूटखाली चालायला नकारच देतं. त्यासाठी वेगळा साधा युजर तयार करा.

सर्व्हर चालू झाला की ब्राउझरमध्ये ९००० या पोर्टवर पान दिसतं. युजर 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'. नव्या आवृत्त्या पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलायला लावतात. इथपर्यंत खरंच फारसा वेळ जात नाही. आणि इथेच बरेच जण 'झालं एकदाचं' म्हणून थांबतात. मीही थांबलो होतो.

माझी चूक: डेटाबेस

वेगळा डेटाबेस दिला नाही तर सोनारक्यूब आतला एच२ नावाचा छोटा डेटाबेस वापरतं. पानाच्या तळाशी एक सूचनाही दिसत राहते की हा फक्त आजमावून बघण्यासाठी आहे. मी ती सूचना सहा महिने रोज बघितली आणि रोज दुर्लक्ष केलं. मग नवी आवृत्ती आली. अपग्रेड करायला गेलो तेव्हा कळलं की एच२वरून अपग्रेड होत नाही आणि त्यातला डेटा दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवायची सोयही नाही.

कोड गेला नाही, तो गिटमध्ये होता. पण सहा महिन्यांत मी आणि माझ्या ज्युनियरने जवळपास प्रत्येक इशाऱ्यापुढे टिपणं लिहिली होती: 'हे असंच हवं, कारण उपकरणाकडून येणारा कॉलम उलटा असतो', 'ही संख्या कॅलिब्रेशनची आहे, बदलू नका'. ती सगळी गेली. कोडमध्ये कुठेही न लिहिलेलं ज्ञान तिथे साठलं होतं. सीनियरने आमच्यासाठी काही लिहून ठेवलं नाही म्हणून आम्ही कुरकुर करायचो, आणि आमच्यानंतर येणाऱ्यांसाठी मीही तेच करून ठेवलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेसक्यूएल वापरा. डॉकर कंपोजच्या एकाच फाइलमध्ये दोन कंटेनर लिहायचे, एक सोनारक्यूबचा आणि एक पोस्टग्रेसचा. दोघांच्याही डेटाला व्हॉल्यूम द्यायचा, म्हणजे कंटेनर काढून टाकला तरी डेटा राहतो. (जुन्या ट्यूटोरियलमध्ये मायएसक्यूएल दिसेल. त्याचा आधार २०१९ च्या ७.९ आवृत्तीत काढून टाकला आहे.) बॅकअप घ्यायचा तो मुख्यतः पोस्टग्रेसचा. इलॅस्टिकसर्चची अनुक्रमणिका डेटाबेसवरून पुन्हा तयार होते, त्यामुळे तिची चिंता नको. आठवड्याला एक डंप, तोही दुसऱ्या मशीनवर. आणि डिस्कवर नजर ठेवा. डिस्क काठोकाठ भरत आली की इलॅस्टिकसर्च लिहिणं बंद करतं आणि स्कॅन अचानक अडकायला लागतात.

दार बंद आहे ना?

'आमचा कोड कोण चोरणार?' असं वाटतं. पण २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने खास सोनारक्यूबबद्दलच इशारा दिला होता. उघड्यावर राहिलेले सर्व्हर, ९००० हे मूळ पोर्ट आणि न बदललेला 'अॅडमिन-अॅडमिन' यांचा फायदा घेऊन सरकारी संस्था आणि कंपन्यांचा सोर्स कोड चोरला गेला होता. कुलूप तोडावंच लागलं नव्हतं, किल्ली दारालाच लटकत होती.

आपल्या कोडमध्ये अप्रकाशित पद्धत असते, कधी रुग्णांच्या डेटाचा पत्ता असतो, कधी सुपरकंप्युटरच्या खात्याचा पासवर्ड. आणि सोनारक्यूब तर कुठे काय कच्चं आहे याची यादीच करून ठेवतं! म्हणून एवढं करा:

पहिलं, पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका. कंपोज फाइलमध्ये नुसतं '९०००:९०००' लिहिण्याऐवजी '१२७.०.०.१:९०००:९०००' लिहा. 'पण माझी यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू आहे' असं म्हणाल, तर डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून पोर्ट उघडं राहू शकतं. लॅबमधल्यांना पान बघायचं असेल तर एसएसएच टनेल वापरा, किंवा पुढे एनजिनएक्स ठेवून एचटीटीपीएस लावा.

दुसरं, प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि प्रोजेक्ट 'प्रायव्हेट' ठेवा.

तिसरं, स्कॅनरसाठी पासवर्ड न देता त्या प्रोजेक्टपुरतं टोकन तयार करा, त्याला मुदत घाला, आणि ते गिटमध्ये जाणाऱ्या फाइलमध्ये कधीही लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

पहिलं स्कॅन

प्रोजेक्टच्या मुळाशी 'सोनार-प्रोजेक्ट डॉट प्रॉपर्टीज' नावाची छोटी फाइल करा. त्यात प्रोजेक्टची की, कोड कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि सर्व्हरचा पत्ता, एवढं पुरतं. डेटाचे फोल्डर वगळायला विसरू नका. मग स्कॅनर चालवा.

पहिल्या निकालात शेकडो इशारे दिसतील. सगळे दुरुस्त करायला बसू नका, थिसिस राहून जाईल. सोनारक्यूबचा मूळ 'क्वालिटी गेट' फक्त नव्या कोडकडे बघतो: नवे दोष नकोत, टेस्टचं कव्हरेज किमान ८० टक्के, पुनरावृत्ती जास्तीत जास्त ३ टक्के. 'नवा कोड' म्हणजे गेल्या ३० दिवसांतला असं ठरवता येतं. जुनं घर एका दिवसात पाडायचं नाही, पण नवी वीट सरळ लावायची.

कव्हरेज शून्य दिसलं तर तो बिघाड नाही. सोनारक्यूब तुमच्या टेस्ट चालवत नाही. टेस्ट तुम्ही चालवायच्या, कव्हरेजची एक्सएमएल फाइल तयार करायची आणि तिचा पत्ता स्कॅनरला द्यायचा.

संशोधनाच्या दृष्टीने काही इशारे आधी बघा: दशांश संख्यांची थेट बरोबरीने तुलना, सगळ्या एरर गिळून टाकणारे एक्सेप्ट, सीड न देता वापरलेले रँडम आकडे. यातला प्रत्येक तुमच्या निकालावर परिणाम करू शकतो. ओळ फार लांब आहे, नाव नियमात बसत नाही, हे नंतर बघू.

हिरवी खूण काय सांगत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली. २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये आलेल्या आणि अनेकांनी वापरलेल्या पायथॉन स्क्रिप्ट एनएमआरची मूल्यं काढायच्या. तोच डेटा, तीच स्क्रिप्ट, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलत होतं. कारण एवढंच, की स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवून त्या ठरावीक क्रमाने येतील असं गृहीत धरत होती, आणि पायथॉन त्या क्रमाची हमी देत नाही. एका मशीनवर जोड्या नीट लागायच्या, दुसऱ्यावर चुकायच्या. दुरुस्ती काय होती? यादी आधी क्रमाने लावून घेणं.

हा कोड वाचायला नीटच होता. चूक तेव्हाच दिसली, जेव्हा कुणीतरी तो दुसऱ्या मशीनवर चालवला आणि आलेल्या उत्तराकडे बघून 'असं का?' म्हणून विचारलं. नुसता कोड वाचणाऱ्या साधनाला तुमचं समीकरण माहीत नसतं, एकक माहीत नसतं, अपेक्षित उत्तर माहीत नसतं. ते शुद्धलेखन तपासतं, निबंध खरा आहे की नाही ते नाही.

म्हणून सोनारक्यूबबरोबर आणखी एक सवय लावून घ्या. ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं एक छोटं उदाहरण टेस्ट म्हणून ठेवा, आणि पेपर पाठवण्याआधी लॅबमधल्या दुसऱ्या कुणालातरी त्याच्या मशीनवर तुमचा कोड चालवायला सांगा. दोघांचं उत्तर जुळलं, तरच हिरव्या खुणेला अर्थ आहे.