मयताच्या नांवें कापलेला प्राप्तिकर वारसांनीं कसा परत मागावा

खातेदार निवर्तला म्हणजे घरचीं माणसें प्रथम सातबाऱ्याचा विचार करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु मयताची सरकारांत जमा असलेली एक रक्कम पुष्कळ घरांत तशीच राहून जाते. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. “सरकारांत गेलेला पैसा परत यावयाचा नाहीं,” हें वाक्य आम्हीं धुळें व जळगांव या दोन्ही जिल्ह्यांत वारंवार ऐकिलें आहे. ही समजूत चुकीची आहे.

सुरत-नागपूर हमरस्त्याच्या रुंदीकरणांत आपल्याकडील अनेकांच्या जमिनी गेल्या. समजा, मोबदल्यापैकीं २०,००,००० रुपये एका खातेदारानें शेंकडा ७ व्याजानें मुदतठेवींत ठेविले. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे. ठेवीचें व्याज मुक्त नाहीं. वर्षाच्या १,४०,००० रुपये व्याजांतून बँक शेंकडा १० प्रमाणें १४,००० रुपये कापून घेते; पॅन दिलेला नसेल तर शेंकडा २०. परंतु २०२५-२६ सालापासून नव्या करपद्धतींत ४,००,००० रुपयांपर्यंत कर नाहीं. शेतीखेरीज दुसरें उत्पन्न नसेल तर या खातेदाराचें देणें शून्य, व सर्व १४,००० रुपये परत मिळण्याजोगे. पत्रक भरण्यापूर्वींच तो वारला, तर हा हक्क त्याच्याबरोबर संपत नाहीं. तो वारसांकडे येतो.

त्याची रीत अशी :

१. मृत्यूचा दाखला, मयताचा पॅन व वारसाचा पॅन जवळ ठेवावे. परतावा हातीं येईपर्यंत मयताचा पॅन रद्द करूं नये.

२. वारस असल्याचा पुरावा मिळवावा. न्यायालयाचा वारसदाखला (आपल्या भागांत तो १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनान्वये मिळतो), महसूल अधिकाऱ्याचा हयात कुटुंबीयांचा दाखला, अथवा नोंदलेलें मृत्युपत्र चालतें. सातबाऱ्यावरील वारसनोंद तीन महिन्यांचे आंत वर्दी देऊन करावीच. पण परताव्यासाठीं केवळ तिजवर विसंबूं नये.

३. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर वारसानें स्वतःच्या पॅननें प्रवेश करून कायदेशीर प्रतिनिधि म्हणून नोंद करावी. मंजुरी मिळतांच मयताच्या नांवें पत्रक भरावें. मृत्यूच्या दिवसापर्यंतचें उत्पन्न त्यांत दाखवावें. पुढील व्याज त्यांत मिसळूं नये.

४. मुदत साधारणतः ३१ जुलै. उशिरा ३१ डिसेंबरपर्यंत. तीही टळली तर विलंब माफ करण्याचा अर्ज करितां येतो. १ आक्टोबर १९२४ नव्हे, १ आक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें तो करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पांच वर्षांचे आंत व्हावा. म्हणजे जुनीं प्रकरणेंही सोडून देण्याचें कारण नाहीं.

कित्येक वारस मयताच्या करबाकीच्या भीतीनें कागद उघडीतच नाहींत. वारसाची जबाबदारी त्याच्याकडे आलेल्या मयताच्या मालमत्तेपुरतीच असते, हें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं एक सूचना. पैसा एकाच वारसाच्या खात्यांत येतो, परंतु मृत्युपत्र नसेल तर तो सर्व वारसांचा असतो. विधवा आईचा व सासरीं गेलेल्या बहिणींचाही. दाखल्यांतून बहिणीचें नांव गाळून मिळविलेली रक्कम पुढें दिवाणी दाव्यांत कित्येक पटींनीं खर्चीं पडते. म्हणून सर्वांस सांगून अर्ज करावा, आणि रक्कम येतांच सर्वांसमक्ष वांटणी करावी.