युरोपची तीर्थयात्रा आणि शेंगेन व्हिसा : भाविकांनी काय जाणून घ्यावे?



रोम, असिसी, पादुआ, लुर्ड्स, फातिमा ही नावे आपल्या घराघरांत लहानपणापासून उच्चारली जातात. नोव्हेनाच्या पुस्तिकेतून आणि देव्हाऱ्यातील चित्रांतून ओळखीची झालेली ही पवित्र स्थळे एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत, अशी आस अनेक ज्येष्ठ भाविकांच्या मनात असते. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून युरोपच्या यात्रा वरचेवर निघू लागल्या आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला जाणारे आईवडीलही पुष्कळ आहेत. यात्रेची आध्यात्मिक तयारी आपण मनोभावे करतो. कागदपत्रांची तयारी मात्र बहुधा एजंटावर सोपवून मोकळे होतो. अर्ज न वाचताच त्यावर सही केली जाते. पुढे व्हिसा नाकारला गेला की वर्षानुवर्षे साठवलेले पैसे तर जातातच, पण आपल्याला नकार का मिळाला हेही उमगत नाही. म्हणून या विषयाची साधी, पण नेमकी माहिती येथे देत आहोत.

शेंगेन म्हणजे काय?

शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातील, मोझेल नदीच्या काठी वसलेले एक छोटेसे गाव. १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, तत्कालीन पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स या पाच देशांनी तेथे नदीतील एका बोटीवर करार केला. परस्परांच्या सीमांवरील तपासणी हळूहळू बंद करावी, हा त्याचा आशय. २६ मार्च १९९५ पासून त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली. पुढे देश वाढत गेले. क्रोएशिया २०२३ मध्ये सामील झाला, तर बल्गेरिया व रुमानिया २०२५ च्या प्रारंभी पूर्णपणे आत आले. आता या क्षेत्रात २९ देश आहेत.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, या २९ देशांपैकी कोणत्याही एका देशाने दिलेल्या अल्पमुदतीच्या व्हिसावर सर्वसाधारणपणे बाकीच्या देशांतही फिरता येते. रोमहून लुर्ड्सला आणि तेथून फातिमाला जाण्यासाठी तीन व्हिसा लागत नाहीत.

कोणती पवित्र स्थळे आत, कोणती बाहेर?

इटली, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन, पोलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, स्वित्झर्लंड व ग्रीस हे देश शेंगेन क्षेत्रात आहेत. व्हॅटिकन हे सार्वभौम राज्य असून ते शेंगेन कराराचे सदस्य नाही. तथापि रोम शहरातून संत पेत्राच्या चौकात शिरताना पारपत्राची तपासणी होत नाही. साहजिकच व्हॅटिकनच्या यात्रेसाठी इटलीत प्रवेश देणारा व्हिसा पुरेसा ठरतो. भारतातील पोपमहोदयांच्या राजदूतांचे कार्यालय यात्रेकरूंना व्हिसा देत नाही, हेही ध्यानात असावे.

आयर्लंड युरोपीय संघात असूनही शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ब्रिटनचा व्हिसाही वेगळा. तेव्हा आयर्लंडमधील नॉक किंवा इंग्लंडमधील वॉलसिंगम येथे जायचे असल्यास स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मेजुगोर्ये हे स्थळ बोस्निया-हर्जेगोविना या देशात आहे. तो शेंगेनचा सदस्य नाही. क्रोएशियात उतरून मेजुगोर्येला जाणारा यात्रेकरू शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. त्याच्याकडे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर परतीच्या वेळी तो सीमेवर अडकेल. संत पौलाच्या पाऊलवाटेने ग्रीसहून तुर्कस्तानात इफिस येथे जाऊन पुन्हा ग्रीसला येणाऱ्यांनाही हेच लागू पडते. अशा यात्रेसाठी दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि त्या बाहेरच्या देशाचा प्रवेशनियम वेगळा तपासावा. पवित्र भूमीच्या यात्रेसाठी इस्रायलचे नियमही स्वतंत्र आहेत.

अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

ज्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो असे ऐकिवात येते त्या देशाकडे अर्ज करावा, असा एक गैरसमज आहे. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेचा नियम स्पष्ट आहे. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त किंवा जो देश प्रवासाच्या हेतूच्या दृष्टीने प्रमुख, त्या देशाकडे अर्ज करावा. असा प्रमुख देश ठरवता येत नसेल, तर ज्या देशातून शेंगेन क्षेत्रात प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे करावा.

उदाहरणार्थ, एका यात्रेत इटलीत पाच रात्री, फ्रान्समध्ये तीन व पोर्तुगालमध्ये दोन रात्री आहेत. विमान प्रथम पॅरिसला उतरत असले, तरी अर्ज इटलीकडेच करावा. इटली व फ्रान्स येथे प्रत्येकी चार रात्री असतील आणि यात्रा फ्रान्समधून सुरू होणार असेल, तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. एका देशाचा व्हिसा घेऊन त्या देशात पाऊलच न ठेवणे म्हणजे अर्जात खोटे हेतुकथन केल्यासारखे दिसते. त्याची झळ पुढच्या अर्जाला लागू शकते.

नव्वद दिवसांचा हिशेब

अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. सर्व शेंगेन देशांतील दिवस मिळून ही गणना होते. आगमनाचा दिवस व प्रस्थानाचा दिवस, दोन्ही मोजले जातात. मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. समजा, एखादी आजी १ जानेवारीला जर्मनीत पोहोचली आणि ३१ मार्चला निघाली. लीप वर्ष नसेल, तर तिचे ९० दिवस पूर्ण झाले. आता तिच्याकडे अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा असला, तरी ३० जूनपूर्वी तिला शेंगेन क्षेत्रात परतता येणार नाही.

व्हिसाच्या कागदावर तीन गोष्टी निरनिराळ्या लिहिलेल्या असतात : व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, किती वेळा प्रवेश करता येईल आणि प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. वैधतेच्या तारखा महिन्याभराच्या असल्या आणि मुक्कामाचे दिवस पंधरा असले, तर पंधराच दिवस राहता येते.

रोममध्ये शिकायला जाणारे धर्मगुरू व धर्मभगिनी किंवा जर्मनीत नोकरीला जाणाऱ्या परिचारिका यांना ९० दिवसांहून अधिक काळ राहायचे असते. त्यांच्यासाठी त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा असतो. त्याचे नियम निराळे आहेत.

अर्ज केव्हा व कसा?

प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो; प्रस्थानाला पंधरा दिवस उरले की सर्वसाधारण मुदत संपते. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, अधिक चौकशी असल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. उन्हाळी सुट्टीत अर्ज देण्याची वेळ मिळणेच अवघड होते. म्हणून मे महिन्यातील यात्रेची तयारी नाताळाच्या सुमारास सुरू करणे शहाणपणाचे आहे.

मुंबईत बहुतेक देशांच्या वतीने अर्ज स्वीकारण्याचे काम खाजगी कंपन्यांची केंद्रे करतात. ही केंद्रे कागद गोळा करतात व बोटांचे ठसे घेतात. व्हिसा द्यायचा की नाही, हा निर्णय संबंधित देशाचा दूतावासच घेतो. ‘आतून काम करून देतो’ असे सांगून जादा पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एकदा दिलेले ठसे साधारणतः ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत.

११ जून २०२४ पासून व्हिसा शुल्क प्रौढांसाठी ९० युरो व सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही. परत न मिळणारे विमानतिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी घेऊ नये, तेवढ्यापुरते आरक्षण करावे.

कोणती कागदपत्रे लागतात?

पारपत्र गेल्या दहा वर्षांत काढलेले असावे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. पूर्ण भरलेला व सही केलेला अर्ज, ठरवून दिलेल्या आकाराचे ताजे छायाचित्र, विमानाचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि दिवसवार प्रवासक्रम जोडावा लागतो. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा, सर्व शेंगेन देशांत व संपूर्ण मुक्कामासाठी लागू असलेला हवा. त्यात तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी आणणे व दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव आणणे यांचा खर्च समाविष्ट असावा लागतो.

आपल्या समाजात नावांचा घोळ हमखास आढळतो. पारपत्रावर एक स्पेलिंग, बँकेत दुसरे, विवाहापूर्वीचे आडनाव तिसऱ्याच कागदावर! हा घोळ अर्ज करण्यापूर्वीच निस्तरावा. मुलांसाठी सरकारी जन्मदाखला व आईवडिलांची संमती लागते. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदीवर विसंबून राहू नये. प्रमुख धर्मगुरूंचे पत्र यात्रेचा हेतू स्पष्ट करण्यास उपयोगी पडते, परंतु ते आर्थिक पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

शेतकरी, गृहिणी व निवृत्तांनी काय करावे?

अधिकाऱ्यापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात : या व्यक्तीचा खर्च कसा भागणार, आणि ती ठरल्या वेळी घरी परतणार का? नोकरदाराला पगारपत्रक, प्राप्तिकर विवरणपत्र व रजा मंजुरीचे पत्र देता येते. भाजी पिकवणाऱ्या किंवा फुलांची बाग असणाऱ्या शेतकऱ्याकडे यातले काहीच नसते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. अशांनी खचून जाऊ नये. सातबाराचा उतारा व त्याचे इंग्रजी भाषांतर, बँकेतील नियमित व्यवहाराचा गेल्या काही महिन्यांचा तपशील, मुदत ठेवींच्या पावत्या आणि आपली परिस्थिती सांगणारे साधे, प्रामाणिक पत्र जोडावे. निवृत्तांनी निवृत्तिवेतनाचे कागद द्यावेत. मुलगा किंवा मुलगी खर्च करणार असल्यास तसे लेखी द्यावे. नात्याचा पुरावा व खर्च करणाऱ्याच्या उत्पन्नाचे कागदही सोबत ठेवावेत. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात कोठून तरी आणून टाकलेली मोठी रक्कम मदत करण्याऐवजी संशयच वाढवते.

सत्याचा प्रश्न

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही एजंट बनावट नोकरीपत्रे, खोटी हॉटेल आरक्षणे किंवा फुगवलेली बँकपत्रके जोडतात. भाविकाला बहुधा याचा पत्ताही नसतो. परंतु अर्जावर सही त्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच. आठवी आज्ञा मोडून पवित्र स्थळी पोहोचण्यात कोणते पुण्य? अर्जाची व नकाराची नोंद सर्व शेंगेन देशांच्या सामाईक संगणकीय व्यवस्थेत पाच वर्षांपर्यंत राहते. म्हणून एजंटाने भरलेला अर्ज ओळ न ओळ वाचून घ्यावा, समजत नसल्यास घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावा आणि सर्व कागदांची प्रत मागून घ्यावी.

यात्रेला म्हणून जाऊन तेथेच राहण्याचा बेत कोणी आखत असेल, तर तो आपल्यानंतर येणाऱ्या शेतकऱ्याच्या व विधवेच्या वाटेत धोंडा टाकत असतो. अशा एका घटनेनंतर त्याच आयोजकाच्या पुढील यात्रेकडे अधिकारी साशंक नजरेने पाहू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा? संत पौलाने रोमच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात फिबी या भगिनीची शिफारस केली आहे (रोम १६:१-२). शिफारस म्हणजे दुसऱ्याच्या खरेपणाची ग्वाही. धर्मग्रामाचे पत्र देणाऱ्याने व घेणाऱ्याने ही जाणीव ठेवावी.

नकार आला तर?

नकार लेखी दिला जातो व त्यात कारण नमूद असते. प्रवासाचा हेतू किंवा मुक्काम पुरेसा स्पष्ट नसणे, खर्चाची तरतूद अपुरी वाटणे, परतण्याच्या इराद्याबद्दल शंका असणे ही नेहमी दिसणारी कारणे. ज्या देशाने नकार दिला त्याच्या कायद्यानुसार अपील करण्याचा हक्क असतो. त्याची रीत व मुदत नकारपत्रातच दिलेली असते. आधीचा नकार हे नव्या अर्जाला आपोआप नकार देण्याचे कारण ठरत नाही. उणीव दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. मात्र तेच कागद घाईने पुन्हा सादर करणे व्यर्थ असते.

व्हिसा मिळाल्यावर

प्रथम नाव, पारपत्र क्रमांक, तारखा, प्रवेशांची संख्या व दिवस तपासावेत. चूक आढळल्यास लगेच कळवावे. व्हिसा म्हणजे प्रवेशाची अंतिम हमी नव्हे; विमानतळावरील अधिकारी पुन्हा विचारणा करू शकतो. परतीचे तिकीट, विमा व मुक्कामाचे कागद हातातील पिशवीत ठेवावेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर प्रवाशांच्या ये-जा नोंदीची नवी संगणकीय व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत चेहऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे यांची नोंद होते. त्यामुळे एखादा दिवस जादा राहिलेलेही सहज उघड होते.

नियमाने वागणाऱ्यांना त्याचे फळही मिळते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नियम सैल केले. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते योग्य रीतीने वापरणाऱ्यास दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो; त्यानंतर, पारपत्राची वैधता पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा.

शुल्क व नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी संबंधित दूतावासाची ताजी सूचना अवश्य पाहावी. ज्या धर्मग्रामांतून यात्रा निघणार आहे, तेथील प्रमुख धर्मगुरूंनी व आयोजकांनी यात्रेकरूंची एक बैठक केवळ कागदपत्रांसाठी घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. अर्ज भरण्यात आजी-आजोबांना मदत करणारे तरुण प्रत्येक गावात आहेत. त्यांनी दिलेली एक संध्याकाळ हीदेखील मोठी सेवा ठरेल. यात्रेला निघणाऱ्या सर्व भाविकांचा प्रवास सुखरूप होवो आणि पवित्र मरिया माता त्यांच्या वाटेवर सदैव सोबत राहो, ही प्रार्थना.