काळ्या मोत्याची पारख

महाराष्ट्रांतील गृहिणीस मोती परका नाहीं. नथ, कुड्या, तन्मणी, चिंचपेटी हे अलंकार मोत्यांवांचून होत नाहींत, आणि जुन्या घराण्यांतून बसऱ्याच्या मोत्यांची गोष्ट अजूनहि निघते. परंतु हा सारा मोती पांढरा, फार तर किंचित् पिवळसर. काळा मोती इकडचा नव्हे. मंगळसूत्रांतील काळे मणी असतात ते कांचेचे. म्हणून पेढीवर काळ्या मोत्यांची माळ पुढें आली आणि ‘हा काळा नैसर्गिक आहे’ असें जवाहिऱ्यानें सांगितलें, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो. त्या एका वाक्यांत दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. मोती आपोआप झाला कीं मनुष्याच्या खटपटीनें? आणि त्याचा काळेपणा शिंपल्यांतला कीं रंगाच्या भांड्यांतला? हे दोन प्रश्न ज्यास वेगळे करतां आले, त्यास निम्मी पारख साधली.

पॅसिफिक महासागरांत फ्रेंच पॉलिनेशियाचीं बेटें आहेत. त्यांपैकीं तुआमोतु व गँबिए या समूहांतील उथळ, प्रवाळवेष्टित जलाशयांत काळ्या ओठाचा शिंपला राहतो. शिंपल्याच्या आंतून जो चकचकीत थर चढतो, तोच एखाद्या कणाभोंवतीं चढत गेला म्हणजे मोती होतो. आणि या प्राण्याच्या अंगचीं रंगद्रव्यें त्या थरांत उतरल्यामुळें मोतीहि काळसर निपजतो. असा मोती आपोआप सांपडणें फार विरळा. म्हणून त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते.

मोत्याची लागवड करण्याची युक्ति जपानांत निघाली. कोकिची मिकिमोतो यांस १८९३ सालीं अर्धगोल मोती पिकविण्यांत यश आलें. काळ्या ओठाच्या शिंपल्यावर पॉलिनेशियांत असे प्रयोग १९६० नंतर सुरू झाले. शिंपल्याच्या कवचाचा घडविलेला एक वाटोळा मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या अंगांतील कातड्याचा लहानसा तुकडा, हीं दोन्ही जिवंत शिंपल्यांत बसवितात आणि तो सुमारें दीड ते दोन वर्षें समुद्रांत टांगून ठेवतात. असा मोती लागवडीचा खरा, पण त्याचा रंग त्याचा स्वतःचा. बाजारांत यालाच ताहिती मोती म्हणतात. ताहिती हें मात्र त्याच्या व्यापाराचें बेट, पिकण्याचें नव्हे.

दुसरा प्रकार रंगविलेल्या मोत्यांचा. जपानी पांढऱ्या मोत्यास रौप्यक्षाराच्या द्रवांत बुडवितात. फोटोच्या कांचेवरील द्रव्याप्रमाणें तो क्षार उजेडानें काळवंडतो. चीनमधील गोड्या पाण्याचे मोतीहि रंगानें किंवा किरणांच्या माऱ्यानें काळे करतात. हे मोती खोटे नव्हेत, आणि तसें सांगून विकण्यांत लबाडी नाहीं. ताहिती मोत्याचा भाव लावून ते विकले, म्हणजे घराची पुंजी बुडते.

पारख करितांना प्रथम माळ दिवसाच्या उजेडांत पांढऱ्या कापडावर धरावी. शिंपल्यांतला काळा हा क्वचितच कोळशासारखा असतो. त्यांत हिरव्या, जांभळ्या, निळसर वा रुपेरी छटा खेळतात आणि एक मोती दुसऱ्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. सगळी माळ एकाच काळ्या रंगाची दिसली तर संशय घ्यावा. मग भिंगानें भोंकाच्या कडा पाहाव्या; रंग दिला असल्यास तो तेथें व बारीक चिरांत सांचलेला दिसतो. ताहिती मोती बहुधा ८ ते १४ मिलिमीटरांचा असतो, तरी केवळ आकारावर निर्णय करूं नये. मोती दांतावर घासून पाहण्याच्या रीतीनें कांचेचा मणी ओळखतां येतो; रंगाविषयीं तिनें कांहींच कळत नाहीं. किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा. तेथें अतिनील किरणांखालीं शिंपल्यांतला काळा बहुधा तांबूस झळकतो, आणि क्षकिरणांनीं आंतला मणी दिसून लागवडीचाहि उलगडा होतो.

रंगाची खात्री झाल्यावर निवड करावी ती पाण्यावरून. ज्या मोत्यांत खिडकीचें प्रतिबिंब रेखीव दिसतें त्याचें पाणी चांगलें. मण्यावरील थर जाड असला तर मोती टिकतो. म्हणूनच पॉलिनेशियांत ०.८ मिलिमीटरांहून पातळ थराच्या मोत्यांस अनेक वर्षें निर्यातीची मनाई होती. त्यानंतर घाट, डाग व आकार पाहावा. एखादा बारीक खळगा पाठीमागें जात असेल तर त्यापायीं चांगलें पाणी सोडूं नये. उलट त्यामुळें किंमत उतरते, हा लाभच.

मोती चुन्याच्या जातीचा असल्यामुळें लिंबू, अत्तर व घाम त्यास बाधतात. वापरल्यावर तो मऊ फडक्यानें पुसावा आणि पटवेकऱ्याकडून प्रत्येक मोत्यामागें गांठ मारून घ्यावी. सर्वांत शेवटीं पावती. तींत ‘नैसर्गिक’ एवढ्या शब्दावर समाधान न मानतां, मोती लागवडीचा कीं आपोआप झालेला, आणि रंग मूळचा कीं दिलेला, हीं दोन उत्तरें स्पष्ट लिहून घ्यावीं. जो विक्रेता तीं लिहून देण्यास कचरतो, त्याच्या पेढीवरून उठावें हें उत्तम.